डायनासोरचं सोंग

डायनासोरच्या छातीवर वीतभर जाळी आहे. तिथून मला जग दिसतं. आत कमरेत वाकून उभं राहावं लागतं, त्यामुळे जग म्हणजे काय, तर लोकांची पोटं, मोबाइल धरलेले हात आणि पोरांची डोकी. त्याचं तोंड पार वर. खांद्यावर दोन पट्टे, उजव्या हातात जबडा उघडायची दोरी, डाव्या हाताने आतली पट्टी धरून तोल सांभाळायचा. बाहेरून फायबर आणि स्पंज, त्यावर रबराचं कातडं. पोटापाशी एक छोटा पंखा आहे. तो बॅटरीवर चालतो, म्हणजे बहुतेक वेळा चालत नाही.

शनिवार-रविवार मी या जनावराच्या आत असतो. जव्हारहून शिरपामाळला जाणाऱ्या रस्त्याला एक बाग आहे. झोपाळे, घसरगुंडी, मिसळ, असला सगळा प्रकार. मुंबई-नाशिकचे लोक येतात. शिरपामाळावर फोटो काढून झाले, धबधबा बघून झाला, की पोरं किरकिर करायला लागतात. मग आईबाप त्यांना इथे आणतात आणि मी झाडामागून निघतो. "अरे बापरे, टी-रेक्स!" पोरांपेक्षा बापच जास्त ओरडतात. एक पोरगी मात्र माझ्या पायांकडे बघून म्हणाली होती, "पप्पा, इसने तो चप्पल पहनी है." झालं! त्या दिवसापासून मॅनेजरने मला रबराचे पंजे दिले. त्यात पाय शिजून निघतात.

मॅनेजर नाशिककडचा, माझ्याहून लहान. माणूस वाईट नाही, पण तोंडाचा पट्टा सदा चालू. मला नावाने हाक मारत नाही. "ए डायनासोर, चहा घेतलास का?" असं विचारतो आणि मी "हो साहेब" म्हणतो. आता नाही म्हणून सांगणार कुणाला?

बाकीचे दिवस मी मजुरीवर. साखरशेतकडे कुणाचं घर चालू असेल तर विटा वाहायच्या, स्लॅब असेल तर पाट्या. पावसाळ्यात मोखाड्याकडे आमच्या पाड्यावर, उतारावरच्या तुकड्यात भात आणि नागली. बी.ए. झालोय, पण ते पत्र्याच्या पेटीत आहे, कसर लागेपर्यंत राहील तिथेच. मध्ये काही वर्षं भिवंडीच्या गोदामात काढली, पाठ गेली, परत आलो. थोडक्यात काय, जन्मभर माझ्या अंगावर काहीतरी चढलेलंच आहे. गोणी, नाहीतर पाटी, नाहीतर डायनासोर.

आता बकासुराचं सांगतो, कारण सगळं त्याच्यापायी झालं.

आमच्या गावात होळीनंतर बोहाडा होतो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, मुखवटे बांधून देव, राक्षस, जनावरं एकामागून एक नाचत येतात, संबळ आणि पिपाणीवर. प्रत्येक सोंगाची चाल वेगळी. आणि सोंगं घराघरांत वाटलेली. कुणाकडे गणपती, कुणाकडे नरसिंह. आमच्याकडे बकासुर, तो गाडाभर अन्न आणि वर ते आणणारा माणूसही खाणारा. मुखवटा कागदाच्या लगद्याचा, परातीएवढा, लाल जीभ, वर आलेले सुळे. माझ्या आजाच्याही आधीपासून घरात आहे. तो जमिनीवर ठेवायचा नाही, सुपात ठेवायचा. एकदा बांधला की बोलायचं नाही, हूं नाही की चूं नाही. आणि लोकांसमोर तो काढायचा नाही, घामाने डोळे फुटायची वेळ आली तरी नाही.

आतून सोंगाला धड दिसत नाही. म्हणून एक माणूस सोंगाकडे तोंड करून, उलटा चालत, वाट दाखवत जातो. आमच्या घरात याचीच एक रीत आहे. बकासुर बापाकडून पोराकडे जातो तेव्हा नारळ नाही, भाषण नाही, काही नाही. जुना बकासुर नव्या बकासुरापुढे उलटा चालतो. तेवढ्यावर गावाला कळतं.

माझ्या बापाचे गुडघे गेले. गेल्या वर्षी त्याने कसाबसा बकासुर नाचवला, पण मध्येच बसावं लागलं. गावातल्या मोठ्या माणसांनी सरळ सांगितलं, यंदा होळीच्या आत बोल, तुझ्या घरातून सोंग कोण नाचवणार? कुणी नसेल तर सोंग दुसऱ्या घरी जाईल. सोंग जाईल म्हणजे मुखवटाही जाईल. मला भाऊ नाही. म्हणजे उरलो मी. आणि बाबा माझं नाव सांगेना. तो मेला तरी खोटं बोलायचा नाही, आणि त्याच्या मते मला बकासुर येत नव्हता.

संध्याकाळी अंगणात बाबा खाटेवर बसायचा आणि तेलाच्या रिकाम्या डब्यावर चाल वाजवायचा. मी नाचायचो. जीव तोडून नाचायचो हो! उड्या मारायचो, हात फेकायचो, अंगावर धावून जायचो, कोंबड्या पळून जायच्या. बाबा डबा वाजवायचा थांबायचा.

"हा खातो कुठं?" तो म्हणायचा. "नुसता भांडतो. पोलिसावाणी."

"मग कसं करू ते सांग ना."

"सांगून येत असता तर मी मास्तर नसतो झालो?"

घरात आम्ही आमची बोली बोलतो, इथे मी ती जरा सरळ करून लिहितोय. बोलीत हेच वाक्य जास्त लागतं. दिवसभर विटा वाहून आलेल्या माणसाने आल्या आल्या नाचायचं आणि वर पोलीस म्हणून घ्यायचं. मी डब्याला लाथ मारून निघून जायचो. बायको म्हणायची, "दोघं सारखेच. एक बसून चिडतो, एक नाचून चिडतो."

पण मला ते सोंग हवं होतं. खरं सांगतो, फार हवं होतं. इतकी वर्षं इतकी ओझी उचलली, सगळी लोकांची. त्यात हे एकच माझं असणार होतं. तेही दुसऱ्याच्या घरच्या सुपात जाऊन पडलं असतं तर मी कुणाला काय तोंड दाखवणार होतो?

तर डायनासोर. बागेत झाडाला एक स्पीकर टांगलाय. त्यातून डरकाळी येते आणि मी तिच्या बरोबर जबडा उघडायचा. ते कधी जुळत नाही. डरकाळी होऊन जाते आणि माझं तोंड मागाहून उघडतं, जांभई दिल्यासारखं. मॅनेजर कपाळावर हात मारतो. म्हणून मी जाता-येता जीपमध्ये मोबाइलवर या जनावराबद्दल वाचायला लागलो. म्हटलं, निदान आपण कोण आहोत ते तरी कळू दे.

मला वाटायचं, एवढं धूड म्हणजे दिवसभर डरकाळ्या फोडत, दिसेल त्याला फाडत फिरत असणार. कुठलं काय! शास्त्रज्ञ म्हणतात, बहुतेक डरकाळी नव्हतीच. तोंड मिटून आतल्या आत घुमायचा असेल, मगर घुमते तसा, ऐकणाऱ्याच्या पोटात कळावं असा. चालायचा आपल्या-तुपल्यासारखाच, सावकाश. धावणं त्याला परवडणारं नव्हतं. धावताना पडला तर सावरायला हात कुठे होते? ते दोन बोटांचे हात तोंडापर्यंतही पोचत नव्हते, नाकावर माशी बसली तर बसलीच. सापडलेल्या हाडांत मोडून पुन्हा जुळलेल्या बरगड्या आहेत. तोंडावर चावल्याच्या खुणा आहेत, त्याही आपल्याच जातवाल्यांच्या. कुणाच्या जबड्याला रोगाने भोकं पडलेली. म्हणजे गिळताना दुखत असणार, आणि तरी गिळावं लागत असणार.

दात केळ्याएवढे. मोडायचे, नवे यायचे. चावायला येत नव्हतं, लचका तोडायचा, मान वर झटकायची आणि तसाच घशात सोडायचा. नाक तिखट. लांबवर काही मेलेलं असलं तरी वास लागायचा. मग चाला तिथवर. आयतं मिळतंय तर कोण सोडतो? जिवंत शिकार दर वेळी थोडीच हाती लागते. पिल्लं अंड्यातून निघायची आणि बहुतेक मोठी व्हायच्या आतच मरून जायची. जगला-वाचला तोही काही म्हातारा होऊन मरायचा नाही. आपल्याकडेही याचा लांबचा भाऊबंद होता, नर्मदेकाठी, डोक्यावर शिंगाचा उंचवटा असलेला. त्याला राजाचं नाव दिलंय. राजा असला म्हणून काय झालं, पोट तर त्यालाही होतं.

आमच्याकडे म्हणतात, हत्ती होऊन लाकडं फोडण्यापेक्षा मुंगी होऊन साखर खावी. हे तर हत्तीच्याही वरचं. एवढं मोठं अंग म्हणजे एवढी मोठी भूक, आणि तिच्यामागे रोज हिंडायचं. जीपमध्ये मांडीवर कुणाची तरी पिशवी, खांद्यावर कुणाची तरी झोपलेली मान, आणि मी हे वाचतोय. तो मला फार ओळखीचा वाटला.

मी मॅनेजरला म्हटलं, "साहेब, हा डरकाळी फोडत नव्हता म्हणे."

"तू बघितलंयस?"

"तुम्ही बघितलंय?"

"मी स्पीकर आणलाय," तो म्हणाला. विषय संपला.

फाल्गुन लागला, ऊन तापायला लागलं. एका रविवारी बागेत दोन-तीन बस एकदम आल्या. पंखा सकाळपासून बंद. झाडामागून मी निघालो तो कानात आधी शिट्टी वाजायला लागली, मग जाळीतली पोटं पिवळी दिसायला लागली. मानेपाशी आतून एक हूक आहे. तो ओढला की डोकं निघतं, माणूस बाहेर येतो, मोकळी हवा लागते. माझा हात हुकापर्यंत गेला. समोर लोक होते. हात परत आला.

आता याला काय म्हणाल? रबराचं धूड ते. त्याचं कसलं सोवळं आणि कसलं ओवळं! कुणी नेम सांगितला नव्हता, कुणाचं देणं-घेणं नव्हतं. पण हात परत आला तो आलाच. लहानपणापासून कानीकपाळी ऐकलंय, लोकांसमोर काढायचं नाही. एरवीही, घरी जायच्या वेळी, मी त्याचं डोकं जमिनीवर ठेवत नाही, मिसळवाल्याकडून कांद्याची टोपली मागून घेतो आणि तिच्यात ठेवतो. मॅनेजर हसतो. हसू दे.

शुद्धीवर आलो तेव्हा मिसळीच्या भट्टीमागे पडलो होतो आणि तोंडावर पाणी होतं. मॅनेजरचा चेहरा पांढराफटक.

"अरे, मरायचं होतं का तुला? डोकं काढता येत नव्हतं?"

"लोक होते साहेब."

"मग? लोक होते तर काय?"

मी डोळे मिटून घेतले. त्याने बिचाऱ्याने लिंबू सरबत पाजलं, स्वतःच्या मोटरसायकलवरून मोखाड्याच्या जीपपर्यंत सोडलं, वाटेत एक शब्द बोलला नाही. त्याच्यासाठी ते फारच झालं.

घरी पोचलो तोवर बातमी माझ्याआधी पोचलेली. बायकोने हात धरून बसवलं, नागलीची पेज पुढे केली. बाबा खाटेवर होता. त्याने एकच विचारलं.

"लोकांसमोर काढलास?"

"नाय."

त्याने तोंड भिंतीकडे केलं. बस. कसा आहेस नाही, लागलं का नाही. पोरगा मरता मरता वाचला आणि हा मुखवट्याची चौकशी करतोय! तोही आमचा मुखवटा नाही, बागेतला रबराचा! दमलास का, एवढं विचारायला याचं काय जात होतं? गोदामातून पाठ मोडून आलो तेव्हा विचारलं नाही, स्लॅबवरून आलो तेव्हा नाही, पावसात चिखल तुडवून येतो तेव्हा नाही. जन्मात कधी विचारलं नाही. मी रागाने पेज तशीच ठेवून झोपलो. झोप कसली, झोपेचं सोंग.

सकाळी बाबा म्हणाला, "येत्या रविवारला मला तिथं ने."

"कशाला?"

"ने म्हटलं ना."

नेलं. जीपमध्ये त्याचे पाय मावेनात. गुडघे हाताने उचलून आत घ्यावे लागले. वळणावळणाला तो दात आवळायचा आणि मी खिडकीबाहेर बघायचो. आदल्या दिवशीही मी डायनासोर होतो आणि त्याच्या आधी आठवडाभर विटांवर. माझ्या अंगात काही म्हणता काही उरलं नव्हतं. बागेत त्याला आंब्याखालच्या सिमेंटच्या बाकावर बसवलं. शेजारी पाण्याचा निळा पिंप होता, काठी त्याला टेकवली. मॅनेजरने त्याला चहा दिला, "बसा बाबा, तुमचा पोरगा बघा आता कसा डरकाळी फोडतो," म्हणाला.

मी आत शिरलो, पट्टे चढवले, झाडामागे उभा राहिलो. गर्दी जमली. आणि वीज गेली. आमच्याकडच्या विजेचा काय भरवसा! स्पीकर मुका झाला.

"अरे, तोंडाने ओरड!" मॅनेजर झाडाआडून दबक्या आवाजात म्हणाला. "ए, ओरड ना!"

सोंगाने ओरडायचं नसतं. आणि ओरडायला आत दम होता कुणाच्या? मी तसाच निघालो. उड्या नाहीत, धावून जाणं नाही. मला ते जमलंच नसतं. एक पाऊल टाकलं, थांबलो. शेपूट मागून ओढत आली. मान सावकाश फिरवली, वास घेतल्यासारखी, या पोटाकडे, त्या पोटाकडे. तिथे काही नाही. पुन्हा एक पाऊल. मला काहीच आठवावं लागत नव्हतं. मोडलेल्या बरगड्या, दुखरा जबडा, तोंडापर्यंत न पोचणारे हात, कुठेतरी लांब काहीतरी मेलंय आणि तिथवर जायचंय. जाळीसमोर एक पिशवी दिसली, तिच्याकडे मी बघत राहिलो. दोरी ओढली, जबडा उघडला, मान वर झटकली आणि नुसती हवा गिळली.

मोबाइल धरलेले हात खाली गेले. एरवी असं होत नाही. एका बापाने पोराला उचलून घेतलं, मला त्याचे हवेत गेलेले पाय दिसले. कुणी ओरडलं नाही. माझ्या घशात आपोआप काहीतरी घुमत होतं, तो श्वासच असेल.

आणि मग ऐकू आलं. पिंपावर काठी. पहिल्याने हळू, मग नीट. बकासुराची चाल. अंगणात डब्यावर ऐकलेलीच, पण आता ती माझ्या पावलांमागून येत होती. मी थांबलो की ती थांबायची, मी पाऊल टाकलं की पडायची. माझे पाय तिच्यात असे गेले की मला कळलंही नाही. नाचत होतो का? लोक सांगतात, नाचत होतो.

मग चाल थांबली. मला वाटलं, झालं, आता म्हणेल पोलीस. "बाबा, अहो बाबा, उठू नका," मॅनेजरचा आवाज आला. "सोड," बाबा म्हणाला. काठी फरशीवर पडल्याचा आवाज झाला.

जाळीतून खाली दोन गुडघे दिसले. ओळखीचे, सुजलेले, तेल चोळून काळे पडलेले. ते माझ्या अगदी समोर येऊन उभे राहिले, माझ्याकडे तोंड करून. मग उजवा गुडघा कापत मागे गेला. मग डावा.

तो उलटा चालत होता.

पुढे रस्ता आहे का पायरी, मला काही दिसत नव्हतं. त्या गुडघ्यांच्या मागे मागे मी जात होतो. तो तोल जाऊन पडेल म्हणून माझा जीव वर-खाली होत होता, आणि तो माझ्या डायनासोरचा तो निकामी, दोन बोटांचा रबरी हात धरून मागे मागे सरकत होता. बागेच्या मधोमध तो थांबला. गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. जाळीपलीकडे त्याचा चेहरा आला, घामाने भिजलेला. डोळे लाल. त्याने आत बघितलं, मला शोधलं आणि इतक्या हळू बोलला की बागेत दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नसेल.

"दमलास का रे?"

हो म्हणायचं होतं. हो बाबा, दमलो, लई दमलो, कधीपासून दमलोय, तुला विचारायला एवढी वर्षं लागली. तोंड उघडलंही होतं मी.

पण सोंगाने बोलायचं नसतं. मी एक पाऊल पुढे टाकलं. बाबाने हात पुन्हा घट्ट धरला आणि एक पाऊल मागे टाकलं.